पुढचा ब्रेक दाबला की नेमकं काय होतं?

'पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील.' दुचाकी शिकणाऱ्या बहुतेकांच्या कानावर हे वाक्य पडलेलं असतं. सांगणारा आपलाच माणूस असतो आणि त्याची भीतीही खरी असते, कारण पुढचा ब्रेक दाबून पडलेलं कुणीतरी त्यानं पाहिलेलं असतं. चूक असते ती कारणात. रोजच्या वापरातल्या आपल्या गाड्या पुढचा ब्रेक दाबल्यानं सहसा उलटत नाहीत, त्यांचं पुढचं चाक घसरतं. हा फरक शब्दांचा नाही. उलटण्याची भीती असेल तर माणूस ब्रेक दाबायचंच सोडून देतो. घसरण्याचं कारण कळलं तर तो ब्रेक वाढवत वाढवत दाबायला शिकतो. आणि ब्रेक सोडून देणाऱ्याला थांबायला अडीचपट रस्ता लागतो. हा अडीचपटीचा आकडा कुठून आला ते पुढे मांडलं आहे. गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित त्यात फारसं नाही.

हिशेबासाठी एक साधी गाडी धरू. गाडीचं वजन 110 किलो, चालवणारा 70 किलो, एकूण 180. दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर सव्वा मीटर. माणूस बसलेला असताना गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंचीवर. गाडी उभी असताना पुढच्या चाकावर 81 किलो आणि मागच्यावर 99 किलो भार. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील. स्कूटरचं इंजिन मागे असल्यानं तिच्या मागच्या चाकावर आणखी जास्त भार असतो. पण निष्कर्ष बदलत नाही. शाळेत बल न्यूटनमध्ये मोजतात आणि 1 किलोचा भार म्हणजे 9.8 न्यूटन. इथे मी मुद्दाम किलोतच बोलणार आहे, कारण पाच किलोच्या पिशवीला किती जोर लागतो हे हाताला ठाऊक असतं.

सगळ्यात आधी एक प्रश्न: गाडी थांबवतं कोण? 'ब्रेक' हे उत्तर अपुरं आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक हातानं गरगर फिरवा आणि ब्रेक दाबा. चाक जागच्या जागी थांबतं, गाडी इंचभरही हलत नाही. म्हणजे ब्रेक थांबवतो ते चाकाला. पॅडनं डिस्क पकडणं हा गाडीच्या आतला मामला आहे आणि आतल्या बलानं कुठल्याही वस्तूची एकूण गती बदलत नाही. बाहेरून काहीतरी ढकलावं लागतं. चालत्या गाडीला मागे ढकलू शकेल असं बाहेरचं एकच आहे, तो म्हणजे रस्ता. (वाराही ढकलतो, पण 50 च्या वेगाला त्याचा वाटा अगदी थोडा.) ब्रेकमुळे चाक मंदावू लागलं की टायर रस्त्याला पुढे ढकलतो आणि रस्ता तितक्याच जोरानं टायरला मागे ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे अक्षरशः रबर आणि डांबर यांच्यामध्ये घडत असतो. तोही केवढ्याशा जागेत! पुढच्या टायरमध्ये 25 पीएसआय हवा असेल तर 81 किलो पेलायला साधारण 45 चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकतं, म्हणजे दोन-अडीच काडेपेट्यांएवढं. 180 किलोंना थांबवायचं सगळं काम अशा दोन तुकड्यांवर असतं.

रस्ता किती जोरानं ढकलू शकतो याला मर्यादा आहे. ती मर्यादा म्हणजे त्या चाकावरचा भार गुणिले घर्षण गुणांक. कोरड्या, चांगल्या डांबरावर हा गुणांक 0.8 च्या आसपास असतो, ओल्या डांबरावर 0.5 च्या आसपास, आणि चिखलाचा पातळ थर किंवा तेलकट ओल असेल तर 0.25 पर्यंत खाली येतो. कोरड्या रस्त्यावर चाकावर 100 किलो भार असेल तर रस्ता त्याला फार तर 80 किलोच्या जोरानं मागे ढकलणार. त्याहून जास्त मागितलं की टायर घसरतो.

आता खरी गोष्ट. भार गाडी उभी असताना 81 आणि 99 होता. ब्रेक लागल्यावर तो तसा राहत नाही.

रस्ता गाडीला मागे ढकलतो तो जमिनीलगत. पण गाडीचं आणि माणसाचं वस्तुमान, जे जडत्वामुळे पुढे जायला बघतं, ते सरासरी 60 सेंटिमीटर उंचीवर आहे. खालून मागे आणि वरून पुढे, अशा जोडीनं गाडी पुढच्या चाकावर झुकते. समोरचे शॉकअप दबतात, नाक खाली जातं, मागची बाजू हलकी होते. किती भार पुढे सरकतो? एकूण वजन गुणिले गुरुत्वमध्याची उंची भागिले चाकांमधलं अंतर, गुणिले ब्रेकचा जोर (गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत). आपल्या गाडीसाठी 180 × 0.6 ÷ 1.25 म्हणजे साधारण 86 किलो, गुणिले ती पट.

कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक अगदी मर्यादेपर्यंत वापरले तर ती पट 0.8 होते. 69 किलो पुढे सरकतात. पुढच्या चाकावर 150 किलो, मागच्यावर फक्त 30. म्हणजे पुढचं चाक 120 किलोच्या जोरानं गाडी अडवू शकतं आणि मागचं 24 किलोच्या. एकूण कामाच्या सहापैकी पाच हिस्से पुढच्या ब्रेकचे. 'पुढचा ब्रेक जास्त काम करतो' असं म्हणतात ते यामुळे. डिस्क आहे म्हणून नव्हे. पुढे ड्रम असला तरी हेच प्रमाण राहतं.

यातून थांबण्याचं अंतर काढता येतं. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 13.9 मीटर. दोन्ही ब्रेक मर्यादेपर्यंत वापरले तर गाडी 12.3 मीटरमध्ये थांबते. फक्त पुढचा वापरला तर 16.8 मीटर लागतात. फक्त मागचा वापरला तर 31 मीटर. मागच्या ब्रेकची अडचण अशी की तो जितका जोरात लावावा तितका त्याच्याच चाकावरचा भार कमी होतो. तो स्वतःच्याच पायाखालची जमीन काढून घेतो. 99 किलोंवरून सुरुवात झाली तरी प्रत्यक्षात हाती 71 किलोंचाच भार उरतो.

याच हिशेबातला आणखी एक आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन गाड्या शेजारी शेजारी 50 नं चालल्या आहेत. एकाच क्षणी दोघांनी ब्रेक दाबले, एकानं दोन्ही, दुसऱ्यानं फक्त मागचा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या ठिकाणी दुसरीचा वेग अजून ताशी 39 किलोमीटर आहे. समोर बस किंवा म्हैस असेल तर 39 नं आदळणं आणि हातभर आधी थांबणं यांत किती अंतर आहे, ते वेगळं सांगायला नको.

हे आकडे मर्यादेचे आहेत, म्हणजे टायर घसरायच्या अगदी आधीचे. सराव असलेला सामान्य चालक कोरड्या रस्त्यावर यापेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त अंतरात थांबतो. शिवाय धोका दिसल्यापासून बोटं ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असं धरलं तर 14 मीटर तिथेच संपतात. वेगाचा हिशेब तर आणखी कडक आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. 40 ला 8 मीटर, 80 ला 31.

मग पुढचं चाक का घसरतं?

ते 150 किलो पुढच्या चाकावर एकदम येत नाहीत. आधी ब्रेक लागतो, गाडी मंदावू लागते, शॉकअप दबत जातात आणि मग भार पुढे येतो. यात सेकंदाचा काही भाग जातो, तीन-चार दशांश म्हणा. तोपर्यंत पुढच्या चाकावर जवळपास पहिलेच 81 किलो असतात आणि तेवढ्या भारावर रस्ता फक्त 65 किलोचा जोर देऊ शकतो. घाबरून ब्रेकची दांडी एका झटक्यात पूर्ण दाबली की ब्रेक 120 किलो मागतो आणि टायरकडे द्यायला 65 असतात. चाक जाम होतं. अर्ध्या सेकंदानं तोच टायर तोच जोर आरामात पेलला असता.

बोटांच्या भाषेत हे आणखी स्पष्ट होतं. एक नमुना डिस्क ब्रेक घेऊ. दांडीची तरफ सहापट, मास्टर सिलिंडरचा (दांडीपाशी ब्रेक ऑइलवर दाब देणारा) दट्ट्या 12.7 मिलिमीटर व्यासाचा, कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) दट्ट्या 32 मिलिमीटरचा. बोटांनी 8 किलोचा जोर लावला तर मास्टर सिलिंडरवर 48 किलो पडतात. दाब दर चौरस सेंटिमीटरला 38 किलो होतो आणि कॅलिपर डिस्कला 300 किलोच्या वर जोरानं चिमटतो. डिस्कच्या दोन्ही बाजूंचं घर्षण, डिस्कची आणि चाकाची त्रिज्या हे सगळं धरल्यावर रस्त्यापाशी साधारण 84 किलोचं रोधक बल मिळतं. म्हणजे कोरड्या रस्त्याची मर्यादा गाठायला बोटांचे सुमारे साडेअकरा किलो लागतात. पण ब्रेक दाबायच्या पहिल्या क्षणी टायरला फक्त सहा किलोंपुरताच जोर झेपतो. ओल्या रस्त्यावर पहिल्या क्षणी चार किलो, भार पुढे आल्यानंतरही सहाच.

चार, सहा आणि साडेअकरा. ब्रेक मारायचं सगळं कौशल्य या तीन आकड्यांमध्ये बोटं कशी फिरतात यात आहे. ओला स्पंज पिळताना जोर जसा वाढत जातो तशी दांडी दाबायची. आधी तिचा खेळ काढून टाकायचा, पॅड डिस्कला टेकले आणि नाक खाली जायला लागलं की जोर वाढवायचा. एवढ्याला अर्धा सेकंद पुरतो. तो अर्धा सेकंद वाया जात नाही, कारण त्यातही गाडी मंदावत असते.

चाक जाम झाल्यावर गाडी पडते कशी, हेही पाहायला हवं. फिरणाऱ्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर रस्त्यावर जवळजवळ स्थिर असतो. तिथलं घर्षण बहुतांशी स्थितिक (न घसरतानाचं) असतं आणि ते बाजूच्या दिशेनंही गाडी धरून ठेवतं. दुचाकी तोल सांभाळते ती हँडल सतत बारीक बारीक वळवून, चाक पडत्या बाजूला नेऊन. हे तेव्हाच शक्य असतं जेव्हा पुढचा टायर वळवलेल्या दिशेला जाऊ शकतो. चाक जाम झालं की तो फक्त घसरतो, हँडल कुठेही वळवा. गतिज, म्हणजे घसरतानाचं घर्षण स्थितिकापेक्षा कमी असतं, त्यामुळे थांबवणारा जोरही घटतो. तोल आणि ब्रेक दोन्ही एकदम जातात आणि सेकंदाच्या आत गाडी आडवी होते. मागचं चाक जाम झालं तर मागची बाजू डोलते, तिरकी होते, पण पुढचं चाक तोल धरून असतं. म्हणून मागचा ब्रेक 'सुरक्षित' वाटतो.

उलटण्याचाही हिशेब करून टाकू. मागचं चाक उचललं जायला सगळेच्या सगळे 99 किलो पुढे सरकायला हवेत. त्यासाठी ब्रेकचा जोर गुरुत्वीय त्वरणाच्या 1.15 पट लागतो. आपल्या रस्त्यावर टायर 0.8 पटीलाच घसरतो. म्हणजे उलटायची वेळ येण्याआधीच टायर सुटलेला असतो. चिकट, रुंद टायरच्या, आखूड आणि उंच स्पोर्ट्स गाड्यांचं गणित वेगळं आहे. त्या खरंच पुढच्या चाकावर उभ्या राहू शकतात. तीव्र उतारावर खड्ड्यात चाक अडकलं तरीही गाडी उलटू शकते. पण ते ब्रेकमुळे नाही, खड्ड्याच्या कडेमुळे.

सराव

हे वाचून येत नाही, हातात बसवावं लागतं. कोरडं, सपाट, वाळू नसलेलं डांबरी किंवा काँक्रीटचं मैदान घ्यावं. टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे, हेल्मेट, पायात बूट. खडूनं एक आडवी रेघ ओढावी. ताशी 20 च्या वेगानं सरळ येऊन पुढचं चाक रेघेवर आलं की ब्रेक सुरू. पहिल्या दहा फेऱ्या फक्त मागचा ब्रेक, मग दहा फक्त पुढचा, अगदी हलका. मग दोन्ही. नजर चाकाकडे नव्हे, लांब समोर. चाकाकडे पाहिलं की खांदे वळतात आणि हँडल सरळ राहत नाही. हात ताठ नकोत, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची. याचंही कारण बलातच आहे. 0.6 पटीच्या ब्रेकला तुमचं 70 किलोंचं शरीर मंदावायला 42 किलोचं बल लागतं आणि ते कुठूनतरी यायला हवं. ते मनगटांतून आलं तर हँडल दाबलं जातं आणि बोटांचा जोर नकळत वाढतो. गुडघ्यांतून आणि सीटवरून आलं तर हात मोकळे राहतात. स्कूटरला टाकी नाही, तिथे पाय पुढच्या पत्र्याकडे रेटून बसावं.

30 च्या वेगावर गेलात की अंतर मोजा. वेगाचा वर्ग भागिले 26, भागिले मीटरमधलं अंतर, हे तुमचं मंदन, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. 30 वरून 11 मीटरमध्ये थांबलात तर ते 3.1 येतं. म्हणजे तुम्ही फक्त मागचा ब्रेक उत्तम वापरल्यासारखे थांबताय, पुढच्याला अजून हात घाबरतो आहे. साडेसहा मीटरच्या आत आलात की 5.3 झालं, रस्त्यावर कामी येईल असं. स्पीडोमीटर बहुधा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे हा आकडा किंचित फुगलेला असतो हे लक्षात ठेवावं.

सरावात पुढचं चाक कुरकुरलं किंवा हँडल एकदम हलकं लागलं तर दांडी तत्काळ सोडायची आणि चाक फिरायला लागलं की पुन्हा हळू दाबायची. मागचं घसरलं आणि गाडी सरळ असेल तर ब्रेक थोडा सैल करायचा. पण मागची बाजू बरीच तिरकी झाली असेल तर एकदम सोडू नये. टायर अचानक पकड घेतो, गाडी झटक्यानं सरळ होते आणि चालवणाऱ्याला पलीकडे फेकते. ते पडणं साध्या घसरण्यापेक्षा फार वाईट असतं.

1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि 125 सीसीपर्यंतच्यांना किमान सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. एबीएस चाक जाम व्हायला लागलं की सेकंदात अनेकदा दाब कमी-जास्त करतं. दांडी थरथरते. ती थरथर जाणवली की घाबरून सोडायची नाही, दाबून ठेवायची. बऱ्याच गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं जाम होऊ शकतं. आणि एबीएस घर्षण गुणांक वाढवत नाही. ओल्या रस्त्याचे 0.5 ते 0.5 च राहतात. सीबीएसमध्ये स्कूटरची डावी दांडी किंवा मोटरसायकलचं पायडल दाबल्यावर थोडा पुढचा ब्रेकही लागतो. तो 'थोडा' असतो. पूर्ण जोरासाठी उजवी दांडी वापरावीच लागते, हे गाडी विकत देताना सांगितलं जायला हवं आणि बहुतेक वेळा सांगितलं जात नाही.

पाऊस, माती, वळण

ओल्या रस्त्यावर फक्त अंतर वाढतं असं नाही, दोन ब्रेकमधली वाटणीही बदलते. जोर कमी म्हणून भार कमी सरकतो. 0.5 च्या गुणांकाला पुढे 124 आणि मागे 56 किलो राहतात, म्हणजे पुढच्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या खाली येतो. चिखलाच्या 0.25 ला तर 57 टक्केच. म्हणून घसरड्या रस्त्यावर मागच्या ब्रेकला जास्त काम द्यावं, हा जुन्या लोकांचा सल्ला बरोबर आहे. पुढचा सोडून द्यावा, हा बरोबर नाही. 50 वरून थांबायला ओल्या डांबरावर 20 मीटर आणि चिखलाच्या थरावर 39 मीटर लागतात, तेही दोन्ही ब्रेक नीट वापरून.

पहिल्या सरी सगळ्यात वाईट. महिनोन् महिने रस्त्यावर साचलेली धूळ, सांडलेलं डिझेल आणि टायरचं झिजलेलं रबर पाण्यात कालवलं जाऊन पातळ लगदा होतो. जोराचा पाऊस होऊन तो वाहून गेला की रस्ता ओला असूनही बरा होतो. झेब्रा क्रॉसिंगचे जाड रंगाचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामापाशी टाकलेल्या पोलादी पट्ट्या यांवर ब्रेक आधीच संपवून चाक मोकळं फिरतं ठेवून जावं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातून रस्त्यावर चढतात तिथे चाकांबरोबर आलेली माती आणि पडलेलं पाचट असतं. सकाळच्या दवात त्यावरून जाणं पावसापेक्षा कमी धोक्याचं नाही. घाटाच्या वळणांवर बाहेरच्या कडेला बारीक खडी साचते. ती गोळ्यांसारखी टायरखाली फिरते आणि गुणांक पार कोसळतो.

वळणावरचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण तिथे टायरचं घर्षण आधीच एका कामाला लागलेलं असतं. 25 मीटर त्रिज्येच्या वळणावर 40 नं गेलात तर गाडीला आत वळवायलाच 0.5 पट बल लागतं. गाडी साधारण 27 अंश कललेली असते. कोरड्या रस्त्याच्या 0.8 मधून ते वजा केलं की ब्रेकसाठी 0.3 उरेल असं वाटेल. पण दोन बलं एकमेकांना काटकोनात असल्यानं वजाबाकी वर्गांची करावी लागते आणि 0.62 उरतात. चांगलीच उरतात. तेच वळण, तोच वेग, पण रस्ता ओला: 0.5 मधले 0.5 वळण्यातच संपले. ब्रेकसाठी शून्य. पुढच्या दांडीला नुसता हात लागला तरी चाक जाईल. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. वळणात अडथळा आलाच आणि जागा असेल तर आधी गाडी सरळ उभी करायची, मग ब्रेक.

डबलसीट आणि घाट

मागे 65 किलोंचा माणूस बसला तर थांबायचं किमान अंतर वाढतं का? घर्षण भारावर अवलंबून आणि थांबवायचं वस्तुमानही तोच भार, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वजन कटतं. टायरची मर्यादा 0.8 पटच राहते. बदलतं ते वेगळंच. तेवढंच मंदन मिळवायला ब्रेकचा एकूण जोर 245 ÷ 180, म्हणजे 1.36 पट लागतो. एकट्यानं चालवताना बसलेली बोटांची सवय इथे कमी पडते आणि गाडी 'थांबतच नाही' असं वाटतं. मागचा माणूस पुढे सरकून चालवणाऱ्याच्या पाठीवर आदळतो, ते बल शेवटी मनगटांवर येतं. मागच्यानं आधीच हात सीटच्या दांडीला धरलेले असले तर हे टळतं.

आणि उष्णता वाढते. 50 वरून एकट्यानं थांबताना 17 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, एक किलोच्या डिस्कला पस्तीसेक अंश तापवण्याइतकी. आता घाट घ्या. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला डबलसीट उतरताना सुमारे साडेपाचशे मीटर खाली यायचं असतं. ऊर्जा होते 1320 किलोज्यूल, त्याच वजनानं 50 वरून 56 वेळा थांबण्याइतकी. वीस मिनिटांत उतरलात तर सरासरी 1100 वॅट, म्हणजे वीस मिनिटं सलग चालू असलेली घरची इस्त्री. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर ड्रमच्या लायनरचं (आतून ड्रमला घासणाऱ्या अस्तराचं) घर्षण कमी होतं, ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो आणि पायडल खाली खाली जायला लागतं. डिस्कमध्ये ब्रेक ऑइल उकळू शकतं. ताजं डॉट 3 ऑइल 205 अंशांना उकळतं, पण हवेतली ओल शोषलेलं 140 लाच. उकळल्यावर तयार झालेली वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही आणि दांडी थेट मुठीला टेकते.

उपाय इंजिनात आहे. गिअरची गाडी असेल तर ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. एक्सलरेटर सोडलेला असताना इंजिन मागच्या चाकाला अडवून धरतं आणि उष्णता सायलेन्सर आणि इंजिनवरच्या फिन्समधून (पातळ पात्यांमधून) जाते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर किंवा गाडी बंद करून घाट उतरण्याची सवय अतिशय धोकादायक आहे. इंजिनचा अडसर जातो आणि इग्निशन बंद असलं तर एबीएसही बंद असतं. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये वेग फार कमी झाला की क्लच आपोआप सुटतो आणि गाडी मोकळी पळायला लागते. अशा वेळी ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ ठामपणे दाबून वेग उतरवावा, मग सोडून थंड होऊ द्यावा. रबर जळल्यासारखा वास आला किंवा दांडी मऊ लागली तर बाजूला थांबून पंधरा-वीस मिनिटं थांबावं. डिस्कवर पाणी ओतू नये, तापलेली डिस्क वाकते.

गाडीच्या देखभालीत चार गोष्टी या हिशेबाशी थेट जोडलेल्या आहेत. ड्रमच्या पायडलचा खेळ बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर असतो. तुमच्या पुस्तिकेतला आकडा पाहून नटानं जुळवा. फार घट्ट केला तर लायनर सतत घासून तापतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं आणि ऑइलच्या टाकीवर जो डॉट क्रमांक लिहिला आहे तोच घालावा. तिथे चुकूनही इंजिन ऑइल घालू नये, सिलिंडरची रबरं फुगतात आणि ब्रेक सुटायचा राहतो. गाडी धुताना चमक आणणारं पॉलिश डिस्कवर किंवा टायरच्या मधल्या भागावर लागू देऊ नये. आणि पाण्यातून गेल्यावर पुढचे शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलकेच लावून ठेवावा. लायनरवरचं पाणी वाळेपर्यंत ड्रमचा जोर निम्म्यावरही येऊ शकतो, आणि दांडी मात्र नेहमीसारखीच घट्ट लागते.